पाडवा झाला की मी रॉटरडॅमला निघतेय

पुणे, ८ फेब्रुवारी २०२६

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की आई मध्येच "जेवलीस का" विचारते आणि माझं पुढचं सगळं राहून जातं. म्हणून लिहितेय. मुद्दा आधीच सांगून टाकते. मी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचं काम घेतलंय. गेल्या सोमवारी होकार कळवला. शिमगा आणि पाडवा घरी करून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघायचं आहे. काम दीड वर्षाचं आहे. तुम्हाला विचारून मग होकार द्यायला हवा होता, हे कळतं मला. पण विचारलं असतं तर तुम्ही दोघांनी "जा गं बिनधास्त" म्हटलं असतं आणि फोन ठेवून ताट तसंच बाजूला सारलं असतं. ते मला इथे बसून दिसलं असतं, आणि मग मी नाहीच म्हटलं असतं. रागावलात तर रागवा, पण पत्र पूर्ण वाचा.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला माहीत आहे. "माणसांना कुठूनही काम करता यावं अशी सोय तूच करतेस ना? मग तुलाच का उठून जावं लागतं?" रास्त आहे. दादानेही तेच विचारलं. हा भाग जरा लांब होईल. आई, तुला कंटाळा आला तर "चतुर्थी" शब्द येईपर्यंत सोडून दे.

आमच्या कंपनीची पॅकिंगची मशिनं जगभर लागलेली आहेत आणि ती दुरुस्त करणारी माणसं कायम फिरतीवर असतात. आज ब्राझीलला, चार दिवसांनी इंडोनेशियाला. त्यांचं ऑफिस म्हणजे पाठीवरचा लॅपटॉप. आणि आमची सगळी यंत्रणा मात्र उभारलीय ती माणूस रोज एकाच इमारतीत येऊन बसेल असं धरून. मार्च २०२० मध्ये ते पहिल्यांदा उघडं पडलं. तुम्ही ३१ जानेवारीला व्हीआरएस घेऊन घरी बसलात आणि दोन महिन्यांत अख्खी दुनिया घरी बसली. तेव्हा तुमच्याच दूरसंचार खात्याने घरून काम करण्याच्या अटी आधी तात्पुरत्या सैल केल्या आणि नोव्हेंबरात बहुतेक काढूनच टाकल्या. आम्ही लोकांना लॅपटॉप दिले, कुणी तर डेस्कटॉप रिक्षात घालून घरी नेले, आणि सगळ्यांना व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये नेणाऱ्या बंदिस्त वाटेने, आत घेतलं. ते ठिगळ होतं. सहा वर्षं झाली, त्याच ठिगळावर चाललंय.

तुम्हाला एक्स्चेंजमधल्या एमडीएफवरून, गावातल्या सगळ्या फोनच्या तारा जिथे येऊन जोडतात त्या चौकटीवरून सांगते, म्हणजे लगेच कळेल. त्या खोलीत जो शिरला त्याला गावातल्या कुठल्याही फोनच्या तारांची जोडी धरता यायची. व्हीपीएनचं तसंच आहे. एकदा दारातून आत आला की आतली माणसं त्याला घरचाच समजतात. पासवर्ड चोरून आलेला चोरसुद्धा मग घरचाच. आणि दार एकच, रॉटरडॅमला. साओ पावलोतल्या आमच्या माणसाला ड्रॉइंग उघडायचंय, ते ड्रॉइंग साओ पावलोतल्याच डेटासेंटरमध्ये आहे, तरी त्याची मागणी समुद्र ओलांडून रॉटरडॅमला जाते आणि तिथून परत फिरते. सावर्ड्याहून खेर्डीला जायचं तर आधी मुंबईला जाऊन शिक्का मारून आणायचा, असला प्रकार.

नवीन पद्धतीत प्रत्येक खोलीला आपलं दार असतं आणि प्रत्येक दारात विचारणा होते: तू कोण, तुझा लॅपटॉप ठीकठाक आहे का, तुझं इथे काम काय. याला झीरो ट्रस्ट म्हणतात. अमेरिकेत तंत्रज्ञानाची मानकं ठरवणाऱ्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये यावर एक दस्तऐवज काढला. छापील कागद पाहिल्याशिवाय तुमचा विश्वास बसत नाही, म्हणून साठेक पानांची प्रिंट काढून ठेवलीय. शनिवारी येताना आणते. ओटीपीचे एसएमएसही बंद होतील. रोमिंगवर ते वेळेवर येत नाहीत, आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या नावाने काढून घेणारे चोर आहेत ते वेगळेच. त्याऐवजी किल्लीएवढी एक वस्तू लॅपटॉपला लावायची आणि तिच्यावर बोट टेकवायचं.

यातलं बरंचसं पुण्यात बसून होईल, खरंच होईल. पण दोन गोष्टी बसल्या जागी होणार नाहीत. रॉटरडॅमच्या सर्व्हर रूममध्ये अशी काही जुनी मशिनं आहेत की त्यांच्यावर काय काय अवलंबून आहे ते तिथल्या दोनतीन जुन्या माणसांनाच ठाऊक आहे, आणि ती माणसं आता निवृत्तीला आलीत. त्यांच्या शेजारी उभं राहून एकेक तार विचारून घ्यायला हवी. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. लोकांच्या स्वतःच्या फोनवर आम्ही कंपनीचा एक कप्पा बसवणार आहोत. त्या कप्प्याबाहेरचं आम्हाला काही दिसत नाही, फोटो नाही की मेसेज नाही. पण हे त्यांनी ईमेल वाचून का मानावं? नेदरलँड्समध्ये माणसांवर लक्ष ठेवता येईल अशी कुठलीही यंत्रणा आणायची तर कामगारांच्या निवडलेल्या मंडळाची संमती घ्यावी लागते, तसा कायदाच आहे तिथे. मला तो कायदा आवडतो. त्यांच्यासमोर बसून, माझाच फोन टेबलावर ठेवून दाखवायला हवं. स्क्रीनवरच्या चौकोनातून विश्वास मागता येत नाही, आई.

आता एक गोष्ट दीड वर्षापासून सांगायची राहिलीय.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. बाबा मागील दारी शेवाळावरून घसरले आणि मनगट मोडलं तो दिवस. आई, तू तीन वेळा फोन केलास. मी दुपारी तीनला उलट फोन केला आणि "मीटिंगमध्ये होते" म्हणाले. मीटिंग नव्हती. एका सुरक्षेच्या सॉफ्टवेअरचा चुकीचा अपडेट जगभर गेला होता आणि साधारण ८५ लाख कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडले होते. टीव्हीवर तुम्ही विमानतळावरचे हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पाहिलेत ना, तेच. आमची मशिनंही पडली. प्रत्येक लॅपटॉप हाताने उठवायचा, आणि त्यासाठी आधी डिस्कचं कुलूप उघडायचं. त्या कुलपाची किल्ली ४८ आकड्यांची असते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. इंडोनेशियात सुराबायाच्या एका कारखान्यात आमचा माणूस बंद लॅपटॉप घेऊन बसला होता आणि मी त्याला फोनवर आकडे वाचून दाखवत होते. मागे मशिनांचा आवाज. पाचव्या गटाला चूक झाली, पुन्हा पहिल्यापासून. मग सातव्याला. माझा दुसरा फोन टेबलावर थरथरत होता, त्यावर "आई" लिहिलेलं दिसत होतं, आणि मी तो पालथा घातला.

त्याच्यासारखे किती तरी जण रांगेत होते. तरी फोन उचलून "आई, काय झालं" एवढं विचारता आलं असतं. बापूकाकांनी रिक्षा काढली नसती तर? मी त्या दिवसापासून रोज हा विचार करते. नवीन यंत्रणेत तो माणूस आपली किल्ली आपल्याच फोनवर बघू शकेल. आणि कुठलाही अपडेट आधी मोजक्या मशिनांवर जाईल, तिथे सगळं ठीक दिसलं की पुढे. तेव्हा कुणा एकीच्या हातात सगळ्यांचे आकडे नसतील. मी हे काम का मागून घेतलं ते यावरून समजा.

गेल्या अनंत चतुर्दशीलाही तसंच झालं. ६ सप्टेंबरला लाल समुद्रातल्या इंटरनेटच्या केबल तुटल्या. उत्तरपूजा चालली होती आणि मी ओटीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. बाबा, तुम्ही झांजा वाजवता वाजवता एकदाच माझ्याकडे बघितलंत आणि मान हलवलीत. रागाने नाही, ओळखीने. जुनं टेलिफोन एक्स्चेंज बदललं तेव्हा कटओव्हरच्या, म्हणजे सगळे फोन नव्या एक्स्चेंजवर घ्यायच्या, तीन रात्री तुम्हीही घरी आला नव्हतात. मी तापाने फणफणले होते म्हणे. आई ते अजून सांगते, पण तक्रार म्हणून तिने कधी सांगितलं नाही.

तेव्हा मी जेली केबलचे, त्या आत जेली भरलेल्या टेलिफोनच्या केबलचे, तुकडे घेऊन खेळायचे. आतल्या तारांचे रंग ओळीने: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. शाळेतल्या कवितांच्या आधी मला हे पाठ होतं. तुम्ही कामावरून आलात की शर्टाला त्या जेलीचा वास यायचा आणि मी त्यातच नाक खुपसून झोपायचे. आई ओरडायची, "अगं, ते हात धुऊन तर येऊ देत." आजही सर्व्हर रूममध्ये नवी केबल उघडली की मी आधी वास घेते.

असो. चतुर्थी. आई, इथून वाच.

१४ सप्टेंबरला चतुर्थी आहे आणि मी घरी असणार आहे. तिकीट काढलंय, रजा मंजूर आहे, जाण्याआधीच. दहा दिवस लॅपटॉप पुण्याच्या कपाटात कुलपात राहील, तसं साहेबांना लिहून दिलंय. मुंबईहून ॲमस्टरडॅमला सरळ विमान आहे, साधारण नऊ तास. गणपतीच्या गर्दीत मुंबईहून चिपळूणला यायला कधी कधी त्याहून जास्त लागतात, तेव्हा फार लांब गेले असं मनात आणू नकोस. राहायला कंपनीने खोली दिलीय, स्वयंपाकघर आहे, हीटर आहे. तूप-मेतकूट-भात मी स्वतः करून खाईन. थंडीला स्वेटर तू विणलेला राखाडी नेतेय.

रोज संध्याकाळी तुमच्या साडेसातला, दिवा लावून झाला की मी फोन करेन. माझे तेव्हा चार वाजलेले असतील. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासाने मागे जातात, मग माझे तीन होतील, पण तुमचे साडेसातच राहतील. ही वेळ माझ्या कॅलेंडरमध्ये सगळ्यांना दिसेल अशी बंद करून ठेवलीय. आणि आई, तुझा फोन वाजला की मी कुठेही असेन, उचलेन. तिथल्या लोकांना पहिल्या दिवशीच सांगणार आहे.

आता नीट ऐका, हे सगळं करायचंच आहे.

बाबा, तुमच्या कॉम्प्युटरवर अजून विंडोज १० आहे. त्याला १४ ऑक्टोबर २०२५ पासून फुकटचे सुरक्षा अपडेट बंद झालेत आणि त्या जुन्या मशिनवर विंडोज ११ चालत नाही. त्यावर बँक उघडायची नाही, पेन्शनचं काही करायचं नाही. गाणी ऐका, फोटो बघा. शनिवारी नवा लॅपटॉप आणतेय, महाग नाही, किंमत विचारू नका. आणि फोनवर कुणी पोलीस, सीबीआय किंवा "तुमच्याच खात्यातून बोलतोय" म्हणालं तरी तो कट करायचा आणि आधी मला किंवा दादाला कळवायचं. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा. हा नंबर मी फ्रिजवर चिकटवणार आहे. १०८ च्या खाली.

न्हाणीघरात धरायला दांड्या बसवायला माणूस पुढच्या बुधवारी येईल. "आम्हाला काय झालंय" असं म्हणून त्याला परत पाठवू नका. मागील दारी शहाबादी फरशी काढून खडबडीत घालायला सांगितलंय. माळ्यावर चढायचं नाही, कौलं शाकारायला तर मुळीच नाही. एकवीसच्या पुरात भिजलेली निळी ट्रंक मी आल्यावर मीच काढेन. आई, साखरेची तीन महिन्यांची तपासणी मार्चमध्ये आहे, आपण मी निघायच्या आधी बरोबरच जाऊ. गुडघ्याचं ऑपरेशन मी परत येईपर्यंत थांबवायचं हे तू मनात ठरवलंयस, मला दिसतंय. तसं करायचं नाही. डॉक्टर म्हणाले तर मे महिन्यात करून घ्यायचं, मी पंधरा दिवस रजा घेऊन येईन. दादा आणि वहिनी दर चौथ्या शनिवारी येणार आहेत. वहिनीने स्वतःहून सांगितलं, तिच्यावर भार टाकलाय असं वाटून घेऊ नकोस. दुपारच्या पोळ्यांना माई येतील. त्यांच्या पोळ्या जाड होतात हे मला माहीत आहे. जरा चालवून घे.

खूप हुकूम सोडले का? इथून तेवढंच करता येतं म्हणून.

बाबा, एक मागायचं होतं. तुमचं क्रोन टूल, टेलिफोनच्या तारा खाचेत दाबून बसवायचं ते हत्यार, मला द्याल? लाल डब्यातलं, मुठीवर तुमची आद्याक्षरं कोरलेलं. तिकडे कामाला लागेलच असं नाही, पण रॉटरडॅमच्या त्या सर्व्हर रूममध्ये पहिल्या दिवशी बरोबर असावं असं वाटतं. विमानात हातातल्या बॅगेत चालणार नाही, मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून नेईन.

शनिवारी पहाटेच्या गाडीने निघते. स्टँडवर घ्यायला येऊ नका, रिक्षाने येईन.

तुमची,
मनू

ता. क. आई, कुळथाचं पीठ न्यायचंय, ते मी आल्यावर दोघी मिळून दळून आणू. एकटीने पिशवी उचलून गिरणीत जाऊ नकोस.