बाल्टिमोरहून, आई-बाबांना

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "इतकी वर्षं झाली, तिथले लोक तुला आपली मानतात का?" मी पटकन विषय आईच्या गुडघ्यांवर नेला. उत्तर अजूनही धड सुचलेलं नाही. पण याच गावचा एक डॉक्टर महिनाभर डोक्यात घोळतोय, त्याच्याबद्दल लिहिते.

सॅम्युअल फोर्ड मॅकगिल. जन्म बाल्टिमोरचा, स्वतंत्र, म्हणजे गुलामीत नसलेल्या, कृष्णवर्णीय घरातला. 1816 साली अमेरिकेत एक संस्था निघाली होती. अशा लोकांना आफ्रिकेत नेऊन वसवायचं, हा तिचा हेतू. तिच्यात भली माणसं होती, तसेच 'हे डोळ्यांसमोर नकोत' म्हणणारे गुलामांचे मालकही होते. इथल्या कित्येक काळ्या पुढाऱ्यांनी तिला कडाडून विरोध केला. मॅकगिलचे वडील मात्र तिच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत, लायबेरियाला, गेले, आणि पोरंबाळंही तिथे गेली. सॅम्युअल तेव्हा लहान. त्याला कोण विचारतंय!

उतरल्या उतरल्या गाठ पडायची ती मलेरियाच्या तापाशी. 1820 ते 1843 या काळात साडेचार हजारांवर माणसं तिथे गेली, आणि 1843 मध्ये मोजली तेव्हा अठराशेच्या आसपास उरली होती. क्विनीन 1820 मध्येच पॅरिसच्या दोन औषधनिर्मात्यांनी सिंकोनाच्या सालीतून वेगळं केलं होतं (बाबा, आपल्याच धंद्यातले!). पण रक्त काढणं आणि पाऱ्याचं कॅलोमेल देणं डॉक्टरांच्या हातून सुटत नव्हतं. ताप डासामुळे येतो हे तर 1897 मध्ये, आपल्या सिकंदराबादेत, कळलं.

म्हणून तरुण सॅम्युअलला डॉक्टर व्हायला परत बाल्टिमोरला धाडलं. शिकून आफ्रिकेतच जायचं हे ठरलेलं. तरीही काळा मुलगा वर्गात नको, म्हणून कॉलेजच्या पोरांनी तक्रार केली. ज्या गावात जन्मला, तिथल्याच वर्गातून बाहेर! मग उत्तरेत व्हरमाँटच्या एका डॉक्टरांकडे शिकला, आणि 1839 साली डार्टमथ कॉलेजची पदवी घेतली. अमेरिकन वैद्यकीय कॉलेजातून पदवी घेणारा तो पहिला कृष्णवर्णीय मानतात. पुढे त्याच किनाऱ्यावरच्या केप पामासच्या वसाहतीत तोच डॉक्टर आणि तोच औषधवाला.

हे वाचताना मला आपलं दुकान दिसत होतं. तुमचा पांढरा खल, आणि मिक्स्चरच्या बाटलीला डिंकाने चिकटवलेली, कात्रीने खाचा पाडलेली डोसांची पट्टी. मी लहानपणी एकदा एक खाच जास्त कापली होती, आणि तुम्ही सगळी पट्टी फाडून नवी केली होतीत.

1851 मध्ये त्याचे मेहुणे, वसाहतीचे गव्हर्नर रसवर्म, वारले आणि मॅकगिल त्यांच्या जागी गव्हर्नर झाला. नंतर डॉक्टरकी मागे पडली, तो भावांबरोबर मनरोव्हियात व्यापारात रमला. हे मला जरा खटकलं. त्याहून जास्त खटकलं ते हे, की ज्यांना इथे कुणी शेजारी बसू देत नव्हतं, तेच तिथल्या ग्रेबो लोकांच्या जमिनीवर मालक होऊन बसले, आणि शेवटी लढाईपर्यंत गेलं.

त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये जेम्स मॅक्यून स्मिथ होता. जन्माने गुलाम. अमेरिकन कॉलेजांनी दारं लावली, म्हणून ग्लासगोहून डॉक्टर होऊन आला, आणि न्यूयॉर्कातच औषधाचं दुकान टाकलं. आफ्रिकेला जायला त्याचा ठाम नकार होता. आमचा देश हाच, म्हणायचा. कोण बरोबर, यावर मी रोज मत बदलते.

तुमचा प्रश्न राहिलाच. काल काउंटरवर एक आजी आल्या, बीपीच्या गोळ्या घेतल्या आणि म्हणाल्या, "थँक्यू, हन." बाबा, 'हन' (म्हणजे 'हनी', लाडाने) इथे सगळ्यांनाच म्हणतात. बसच्या ड्रायव्हरलासुद्धा.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुमची,
ताई