पदकाच्या कडेवरचं नाव

संपादक महोदय,

जुन्या वस्तूंच्या लिलावाच्या बातम्या हल्ली वरचेवर येतात. वस्तू केवढ्याला गेली ते ठळक छापलेलं असतं, कुणाच्या घरातून आली ते बहुधा नसतंच. मी लष्करी पदकं जमवतो, म्हणून चार शब्द लिहायचं धाडस करतो.

पदकांची खरेदी-विक्री म्हणजे शौर्याचा बाजार, असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पहिल्या महायुद्धानंतर दिलेलं ‘ब्रिटिश वॉर मेडल’ बहुतांशी चांदीचं होतं. १९८०च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा ही पदकं ढिगाने आटवली गेली. वाचली त्यांतली पुष्कळशी कुणा छांदिष्टाने वेळेवर पैसे मोजले म्हणून वाचली. अमेरिकेत ‘मेडल ऑफ ऑनर’ हे तिथलं सर्वोच्च शौर्यपदक विकणं गुन्हा आहे; ब्रिटनमध्ये त्याच तोडीच्या व्हिक्टोरिया क्रॉसचाही उघड लिलाव होतो. मला ब्रिटनची रीत बरी वाटते. पदक कुठे गेलं, याचा निदान माग तरी राहतो.

माझा राग आहे तो आमच्याच मंडळींवर. ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण असते, भिंगाखाली धरून वाचावी अशा बारीक अक्षरांत. एकाच माणसाची दोन-तीन पदकं एकत्र राहिली की तो कुठे कुठे लढला, याचा अंदाज बांधता येतो. दलाल हा संच फोडतात, कारण सुटी विकली की जास्त सुटतात. काही जण तर कानस लावून मूळ नाव घासतात आणि तिथे गाजलेल्या लढाईत पडलेल्या कुणाचं तरी नाव उठवतात. कॅलिपर, म्हणजे बारीक मापाचं साधन, लावला की पदकाचा व्यास किंचित कमी भरतो, लबाडी उघडी पडते. पण ती ओळखणारेही गप्प बसतात. उद्या आपल्यालाही विकायचं असतं ना!

पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी तेव्हा ब्राँझचं गोल स्मृतिफलक पाठवलं जाई. त्यावर नाव उठावाच्या अक्षरांत, हुद्दा मात्र मुद्दाम गाळलेला. बलिदानात लहान-मोठं मानायचं नव्हतं. आम्ही काय करतो? जुनी दप्तरं उपसून हुद्दा शोधतो आणि अधिकाऱ्याच्या फलकाला शिपायाच्या फलकापेक्षा जास्त पैसे मोजतो.

बंदी घालून हे थांबणार नाही, धंदा फक्त आडोशाला जाईल. लिलाव करणाऱ्यांनी वस्तू कुणाकडून आली आणि संच अखंड आहे का, हे यादीत छापलं पाहिजे. आणि आम्ही फोडलेला संच घ्यायचा नाही, कितीही स्वस्त मिळो. घराण्यातलं कुणी शोधत आलं, तर पदक घेतलं त्याच किमतीत परत द्यायचं, असं मी ठरवलं आहे. हौशी मित्र यावर हसतात, म्हणतात, मग हा संग्रह कसला, ही तर राखण झाली. राखण म्हणा हवं तर.

आपला,
एक पदक-संग्राहक