पूल नसलेली लढाई

स्टर्लिंग, स्कॉटलंड

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचं आणि काकांचं त्या ऐतिहासिक सिनेमावरून जुंपलं, हे आईने फोनवर सांगितलं. तुमचं म्हणणं, इतिहासाची पार वाट लावली आहे. काकांचं म्हणणं, थिएटरात पोरं रडत होती, घोषणा देत होती, निदान त्या निमित्ताने त्यांना महाराज तरी कळले. आईची तक्रार एवढीच की तुम्हा दोघांपायी सगळ्यांची जेवणं खोळंबली. फोनवर हे बोलणं धड होत नाही, म्हणून निवांत लिहायला बसले आहे. मी राहते त्या शहरात हाच वाद १९९५ सालापासून चालू आहे, आणि मला त्यात खरोखर जीव टाकून काही सांगायचं आहे.

‘ब्रेव्हहार्ट’ तुम्ही पाहिलाच आहे. दूरदर्शनला कंटाळून आपण केबल घेतली तेव्हा काकांकडे बसून सगळ्यांनी पाहिला होता. मेल गिब्सनने काढला, त्यात स्वतः विल्यम वॉलेस झाला, आणि सिनेमाला पाच ऑस्कर मिळाले. स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर १२८६ मध्ये घोड्यावरून पडून मेला, मागे धड वारस उरला नाही, आणि त्या भाऊबंदकीचा फायदा घेऊन इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२९६ मध्ये देश गिळला. त्याविरुद्ध जे उठले त्यांत वॉलेस होता. सिनेमातली सगळ्यात मोठी लढाई म्हणजे ‘स्टर्लिंग ब्रिज’ची, ११ सप्टेंबर १२९७. आणि त्या लढाईत, बाबा, पूलच नाही. मोकळं माळरान आहे, दोन्हीकडे रांगा आहेत, मध्ये भाषण आहे. चित्रणही बरंचसं आयर्लंडमध्ये झालं, तिथल्या राखीव सैन्यातली माणसं उभी करून.

इथल्या एका सभागृहात परवा तो पुन्हा दाखवला. ऑफिसातल्या दोघींबरोबर मीही गेले, आणि खरं सांगते, पडद्यापेक्षा जास्त मी लोकांकडेच बघत होते. सुरुवातीला किल्ट दिसले तशी खुसखुस झाली. तो कमरेला पट्टा बांधून नेसायचा घोळदार प्लेड सोळाव्या शतकाच्या अखेरीचा, म्हणजे वॉलेसनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी आलेला, आणि तोही डोंगराळ भागातला. तोंडाला फासलेला निळा रंग उलट हजार वर्षं मागचा, स्कॉटलंडच्या प्राचीन पिक्ट लोकांच्या नावावर सांगितला जाणारा. लोकांना हे सगळं पाठ आहे. पण त्यात राग नव्हता. जुन्या नाटकात रंगवलेला पडदा हलला तर आपण जसे गालात हसतो, तेवढंच.

फ्रान्सची राजकन्या इझाबेला वॉलेसच्या प्रेमात पडते तिथे मात्र सभागृह मोठ्याने हसलं. वॉलेसला लंडनला मारलं २३ ऑगस्ट १३०५ रोजी. तेव्हा ही मुलगी दहाएक वर्षांची होती आणि फ्रान्समध्ये होती; लग्न होऊन इंग्लंडला आली १३०८ मध्ये. तिचा मुलगा, पुढचा तिसरा एडवर्ड, जन्मला नोव्हेंबर १३१२ ला. सिनेमा सुचवतो की ते मूल वॉलेसचं. आमच्या मागच्या रांगेतल्या एक आजीबाई यावर जोरात ‘छ्या!’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या आणि सगळे पुन्हा हसले.

मग लढाई आली. भाषण झालं, घोडदळ सुटलं, आणि कुठून तरी एक आवाज आला, ‘पूल कुठाय?’ पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो वेगळा होता. माझ्या शेजारचे गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी हाताची घडी घातली आणि लढाई संपेपर्यंत तशीच ठेवली. इथे एक किस्सा हमखास ऐकवतात, की कुणा गावकऱ्याने गिब्सनला पूल का नाही म्हणून विचारलं, त्याने सांगितलं, पूल मध्ये येत होता, तर गावकरी म्हणाला, ‘इंग्रजांनाही तसंच वाटलं होतं.’ किस्सा घडला असो नसो, त्यात या गावाचं दुखणं नेमकं आलं आहे.

ते दुखणं कळण्यासाठी तुम्हाला इथे ॲबी क्रेगच्या टेकडीवर आणायला हवं. त्यावर १८६९ मध्ये उघडलेलं वॉलेसचं उंच स्मारक आहे, आत २४६ पायऱ्यांचा गोल जिना. तुमचे गुडघे ऐकणार नाहीत, पण जिन्याशिवाय टेकडीवरूनही पुरेसं दिसतं. खाली फोर्थ नदी इतकी नागमोडी जाते की एका वळणाने तिने जमिनीचा तुकडा तीन बाजूंनी वेढलाय. तो भाग त्या काळी दलदलीचा. आजचा जुना दगडी पूल नंतरचा आहे. तेव्हाचा लाकडी होता, थोडा वरच्या अंगाला, आणि त्यावरून जेमतेम दोन घोडेस्वार जोडीने जातील इतका अरुंद. वॉलेस आणि त्याचा जोडीदार अँड्र्यू मरे माणसं घेऊन या टेकडीवर बसले होते. समोर इंग्रजांचा सेनापती, सरेचा अर्ल (तिकडचा बडा सरदार), आणि एडवर्डचा खजिनदार क्रेसिंगहॅम.

त्या सकाळचं वर्णन एका इंग्लिश मठातल्या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. इंग्रजांची पहिली तुकडी पूल ओलांडून गेली आणि तिला परत बोलावलं, कारण अर्लसाहेब अजून झोपेतून उठले नव्हते! रिचर्ड लंडी नावाचा सरदार सांगत होता की वरच्या बाजूला नदी उथळ आहे, तिथून साठ-साठ जण एकदम पलीकडे जातील, मला माणसं द्या. क्रेसिंगहॅम म्हणाला, राजाचा पैसा असा दवडायचा नाही, पुलावरूनच जा. मग ते दोन-दोन करून निघाले, आणि टेकडीवरचे थांबले. बाबा, या थांबण्याचा विचार करा. शत्रू डोळ्यांदेखत पूल ओलांडतोय, आपली माणसं उतावीळ झालेली, आणि तरी आणखी थोडे येऊ द्या, आणखी थोडे, इतपतच की आलेल्यांना गिळता येईल आणि उरलेल्यांना मदतीला येता येणार नाही. योग्य वेळी खाली धाव घेऊन त्यांनी पुलाचं तोंड अडवलं. पलीकडच्या काठावरून अर्ल नुसता बघत राहिला, मग पूल तोडायला लावून सीमेवरच्या बेरिक गावाकडे पळाला. क्रेसिंगहॅम मारला गेला, आणि त्याचं कातडं सोललं गेलं असंही त्या काळचे लेख सांगतात.

आता सांगा, यातून पूल काढला तर उरतं काय? त्वेष उरतो. आरोळी उरते. गेला तो धीर, जागेचा अभ्यास, शत्रूच्या अहंकाराचं अचूक गणित. या लोकांनी ती लढाई डोक्याने जिंकली होती आणि सिनेमाने ती फक्त छातीने जिंकलेली दाखवली. किल्ट चुकला तर एक कापड चुकलं. पूल गेला तर त्या माणसांची अक्कल गेली. माझा राग आहे तो इथे आहे, आणि शेजारच्या गृहस्थांची हाताची घडीही मला तिथलीच वाटली.

तसंच मरेचं. सिनेमात तो औषधालाही नाही. उत्तरेकडचा उठाव त्याने उभा केला, ही लढाई दोघांनी मिळून लढली, आणि त्यातल्या जखमांनीच तो गेला. लढाईनंतर महिन्याभरात दोघांच्या नावाने जर्मनीतल्या ल्यूबेक आणि हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांना एक पत्र गेलं, की आमची बंदरं आता मोकळी आहेत, माल घेऊन खुशाल या. त्या पत्रात मरेचं नाव आधी आहे. मला तर सिनेमातल्या ‘स्वातंत्र्य!’ या आरोळीपेक्षा हे पत्र जास्त अंगावर येतं. लढाई जिंकली, आणि लगेच व्यापार सुरू करायचा विचार! राज्य चालवायची ही रीत तुम्हाला नवी नाही.

काकांना हेही सांगा, की लोककथेवर माझा राग नाही. सिनेमाचा मुख्य आधार म्हणजे ब्लाइंड हॅरी नावाच्या कवीने १४७० च्या दशकात, वॉलेसला जाऊन पावणेदोनशे वर्षं होत आली असताना रचलेलं दीर्घकाव्य. त्यात भाकडकथा भरपूर. पण हॅरीनेसुद्धा पूल सोडला नाही. उलट वॉलेसने सुताराकडून पूल आधीच कापून ठेवला, खुंटी काढली आणि पूल कोसळला, अशी भर घातली. आपल्या तुळशीदास शाहिराने तेच केलं. कोंढाण्याच्या पोवाड्यात यशवंती घोरपड आली, पण कडा कड्याच्या जागी राहिला, रात्र रात्रच राहिली, आणि मोजक्या माणसांनी चढून जाण्यातली अवघड गोष्ट आणखी ठसठशीत झाली. शाहीर वाढवतो ते मूळ कर्तृत्वाच्या दिशेने वाढवतो. भव्य दिसावं म्हणून मूळ कर्तृत्वच पुसायचं, हे त्याला सुचणार नाही.

शेवटचं सांगते आणि ते काकांच्या बाजूने जाईल. वॉलेसला हाल हाल करून मारतात त्या प्रसंगाला सभागृह अगदी चिडीचूप होतं. ‘पूल कुठाय’ म्हणणारा, ‘छ्या’ म्हणणाऱ्या आजी, शेजारचे गृहस्थ, सगळ्यांचे डोळे भरलेले. चुका मोजत आलेली माणसंच रडली. ते मरण खोटं नव्हतं ना. खोट्या माळरानावरून चालत लोक खऱ्या दुःखापाशी पोचले. सिनेमा आल्यावर स्मारकाला येणाऱ्यांची गर्दी कितीतरी वाढली, आणि त्यातले काही जण तरी जिना चढून नदीचं वळण बघून गेले असतील. इथल्या स्कॉटिश राष्ट्रवादी पक्षाने तेव्हा थिएटरांबाहेर पत्रकं वाटली होती. दोन वर्षांनी, ११ सप्टेंबर १९९७ ला, म्हणजे लढाईला बरोबर सातशे वर्षं झाली त्या दिवशी, स्कॉटलंडने स्वतःच्या संसदेसाठी कौल दिला. ते श्रेय सिनेमाला देणारे आहेत. मला ते पटत नाही. याच प्रश्नावर १९७९ मध्येही मतदान झालं होतं आणि तेव्हाही बाजूने मतं जास्तच पडली होती, फक्त घातलेली अट पुरी झाली नव्हती. लोकांची मागणी सिनेमाच्या कितीतरी आधीची.

मात्र गर्दी वाढली त्याचा एक परिणाम वाईट झाला. १९९७ मध्येच स्मारकाच्या पायथ्याशी वॉलेसचा एक पुतळा उभा राहिला, तोंड चक्क गिब्सनचं, ढालीवर सिनेमाचं नाव. लोक इतके चिडले की पुतळ्याच्या तोंडाची मोडतोड झाली, मग त्याला जाळीच्या पिंजऱ्यात ठेवावं लागलं. २००८ मध्ये तो हलवला. नट वीर झाला तर चालतं, वीराला नटाचं तोंड दिलं की लोक सोसत नाहीत. मला लोकांचं पटतं, मोडतोड सोडून.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी नॉर्थम्बरलंडची आहे, इंग्लिश. तिची तक्रार मी आधी कुणाकडून ऐकली नव्हती. सिनेमात वॉलेस यॉर्क शहर जिंकतो. प्रत्यक्षात तो यॉर्कला पोचलाच नाही. पण लढाईनंतरच्या हिवाळ्यात त्याच्या सैन्याने तिच्या भागातली गावं जाळली, लुटली, आणि ते मात्र सिनेमात नाही. ती म्हणाली, शहर जिंकणं वीराला शोभतं, शेतकऱ्याचं कोठार जाळणं शोभत नाही, म्हणून आमचं दुःख गाळलं. त्याच मोहिमेत हेक्सहॅमच्या मठाला मरे आणि वॉलेसच्या नावाने अभयपत्र दिलेलं आहे, आपल्याकडे कौल देत तसंच. लूट करणारी माणसं आणि ती आवरू पाहणारा सेनापती, दोन्ही खरं. एवढा अवघड, खराखुरा माणूस हाताशी असताना निळ्या तोंडाचा का रंगवायचा?

तर बाबा, तुमचं काकांशी भांडण चालू ठेवा, पण पगडी आणि तलवारीची मूठ यांवरून नको. ते त्यांना सोडून द्या. तुम्ही आम्हाला उंबरखिंडीत नेलं होतं तेव्हा काय सांगितलं होतं? कारतलबखान १६६१ मध्ये एवढी फौज घेऊन त्या चिंचोळ्या वाटेत शिरला, पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, आणि शेवटी खंडणी मोजून सुटला. आपला सगळा गनिमी कावा असा वाटा, घाट आणि कडे यांत आहे. काकांना विचारा, त्या सिनेमात चढ किती दिसला? वाटेवर एका वेळी किती माणसं मावत होती? शत्रू तिथे आलाच का, आणि आपले लोक किती वेळ दबा धरून थांबले, हे पोरांना कळलं का? कळलं असेल तर चुकलेल्या पगड्यांसकट मी काकांच्या बाजूने. नसेल तर तुमच्या.

काय उत्तर येतं ते सविस्तर कळवा. आईलाही विचारा, तिने सिनेमा नीट लक्ष देऊन पाहिलाय. आजीला नमस्कार, काका-काकूंना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुमची,
छकुली