साहेब, मातृभाषेच्या रकान्यात मी न विचारताच लिहिलं

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

फेब्रुवारी २०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होतो. दिवस मावळताना कराडच्या बाजूच्या एका वडार वस्तीत पोचलो. एक आजी पाट्याला टाकी लावत बसल्या होत्या. हातोडी न थांबवता त्या आत सुनेला काहीतरी म्हणाल्या. त्यातलं मला 'नीळ्ळू' एवढंच कळलं, तेही पाठोपाठ पाण्याचा तांब्या आला म्हणून. पाणी प्यालो आणि दहाव्या रकान्यात लिहिलं : मराठी. विचारलंसुद्धा नाही. माझ्याशी त्या मराठीतच बोलत होत्या ना! शिवाय अंधार पडत होता आणि पुढची घरं राहिली होती.

खरं तर लहानपणी आई ज्या भाषेत बोलायची ती मातृभाषा आणि माणूस सांगेल तेच नाव लिहायचं, असा नियम आहे.

जनगणनेच्या तक्त्यात वडारी तेलुगूच्या पोटात जाते, कैकाडी तमिळच्या आणि लमाणी चक्क हिंदीच्या. पण पोटात का होईना, नाव दिसतं, कारण कुणीतरी ते विचारून लिहिलेलं असतं. बोलणारे दहा हजारांच्या आत असले, की नावही जातं, उरतं 'इतर'. जळगाव जामोदकडची निहाली कुठल्याच भाषाकुळात बसत नाही, अशी भाषा जगात विरळा. तीही त्या 'इतर'मध्येच.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा मीही पेढे वाटले. साताऱ्यातल्या ९९ व्या साहित्य संमेलनाचा मांडवही हिंडून आलो. पण आपल्या अंगणातल्या या भाषांचं काय?

आता जनगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. ती केंद्राची, हे मला माहीत आहे. पण दारोदार जाणारे बहुतेक आमचेच गुरुजी आणि बाई. त्यांच्या प्रशिक्षणात वडारी, कैकाडी, पारधी, गोरमाटी (म्हणजे लमाणीच) ही नावं मोठ्यानं वाचून दाखवा. आणि वस्त्यांवर त्यांच्याच माणसांकडून आधी निरोप धाडा, की आपल्या भाषेचं नाव सांगायला भिऊ नका. भीती आहे, साहेब. १८७१ पासून सुरू झालेल्या इंग्रजांच्या कायद्यांनी कैकाडी, पारधी अशा जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, तो ३१ ऑगस्ट १९५२ ला पुसला म्हणतात. तरी माझ्या वर्गात त्यांचं पोरगं घरची भाषा बोललं, की बाकीची पोरं 'चोरांची भाषा' म्हणून फिदीफिदी हसायची. मी गप्प बसवायचो. हसणाऱ्यांना नव्हे, बोलणाऱ्याला.

घटनेच्या ३५० क कलमात अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय सांगितली आहे. मीच आजींना मराठीत घातल्यावर ती सोय कुणी मागायची?

मी निवृत्त झालोय, प्रगणक म्हणून मला आता कुणी बोलावणार नाही. प्रशिक्षणाच्या दिवशी अर्धा तास बोलू दिलंत तर येईन. एसटीचं भाडं माझं.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. कराड, जि. सातारा