जुन्या लेन्स किलोवर विकू नका

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

मागच्या महिन्यात आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला, पोराने दुकान रिकामं केलं आणि स्टँड, लाइट, एनलार्जर सगळं भंगारवाल्याला किलोवर दिलं, त्यात दोन लेन्सपण होत्या. मी पोचेपर्यंत टेम्पो गेलेला. फार वाईट वाटलं म्हणून लिहितोय.

रोलचा कॅमेरा संपला म्हणजे लेन्सपण संपली असं लोकांना वाटतं, तसं नाहीये ओ. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यांचा माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची कडी, 1959 पासून तोच आहे आणि 1977 नंतरच्या एआय प्रकारच्या लेन्स त्यांच्या डीएसएलआरवर, म्हणजे आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर, थेट बसतात. माझ्याकडे वडिलांची 50 एमएम 1.8 आहे, निकॉनच्या डी7000 च्या मेन्यूत नॉन-सीपीयू (चिप नसलेली) लेन्समध्ये 50 आणि 1.8 भरलं की उजेड मोजणारा मीटरपण चालतो. स्वस्तातल्या डी3000 सिरीजवर मीटर चालत नाही, तिथं एम (मॅन्युअल) मोडवर एक फोटो काढून स्क्रीनवर बघायचं, मग शटर कमीजास्त करायचं. फक्त 77 च्या आधीची लेन्स डी7000 सारख्या बॉडीवर जोर लावून बसवू नका, माउंटशेजारची बारीक खिट्टी मोडू शकते. कॅननचं वेगळं आहे, त्यांनी 1987 ला माउंटच बदलला, त्यामुळे त्यांच्याच जुन्या एफडी लेन्स त्यांच्या डीएसएलआरवर साध्या, काच नसलेल्या जोड-रिंगने लावल्या तर लांबचं फोकस होत नाही, उलट आट्यांच्या एम42 लेन्स, म्हणजे रशियन झेनिट कॅमेऱ्याबरोबर यायची ती हेलिऑस वगैरे, कॅननवर साध्या रिंगने मस्त चालतात.

परवा एका चादरीच्या कारखान्यात गेलो होतो, एकच ट्यूब आणि माग चालू, ऑटोफोकस त्या उभ्या धाग्यांवर नुसता मागंपुढं करत बसला. मग वडिलांची लेन्स लावली, जिथं धोट्यामागं कापड तयार होत जातं त्या कडेवर हातानं फोकस धरला आणि थांबलो. धागा तुटला, माग थांबला, जोडायला कामगाराची दोन बोटं बरोबर तिथं आली. फोटोत बोटाला चिकटलेले लाल सुताचे तंतूसुद्धा मोजता येतात.

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांचे फोटो काढायला कॉलेजची कितीतरी पोरं येतात, सगळ्यांकडे कॅमेऱ्याबरोबर मिळणारी किट लेन्स, अंधार पडला की फोटो हलतात. ती लेन्स 55 एमएमला 5.6 च उघडते (हा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते), 1.8 ला त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. ह्या पोरांना नवीन लेन्स परवडत नाही आणि इकडं चांगल्या लेन्स भंगारात जातात, हे बघवत नाही.

तरी स्टुडिओवाल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना विनंती, विकायच्या आधी लेन्समधून टॉर्च मारून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी, नाहीतर लेन्स बहुतेक कामाची असते, फोटो काढणाऱ्या एखाद्या पोराला दाखवा. आणि संपादक साहेब, यात्रेच्या आधी हे पत्र छापलंत तर फार बरं होईल.

आपला,
एक वाचक, सोलापूर