विषय: रविवारच्या चोडण बर्डवॉकबद्दल तक्रार, पैसे परत हवेत

नमस्कार,

गेल्या रविवारी मी, बायको आणि बाबा तुमच्या चोडण बेटावरच्या अभयारण्यातल्या बर्डवॉकला आलो होतो, माणशी 1200 प्रमाणे 3600 आधीच भरलेले. फोंड्याहून काळोखात निघून रायबंदरची फेरी पकडली आणि साडेसहाला गेटवर हजर, तुमचा गाईड उगवला सात दहाला. ते एक वेळ सोडून देतो.

खरी तक्रार वेगळी आहे. फेरीतून उतरतानाच बाबा म्हणाले, अरे पाणी तर चढलंय, आज पक्षी बसणार कुठे? बाबांचं लहानपण खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत गेलंय, त्यांना ते बघूनच कळतं. आत गेलो तर तसंच, खारफुटीची मुळं पाण्याखाली, चिखल कुठेच दिसेना, निवटी (चिखलातले उड्या मारणारे मासे) नाहीत, खेकडे नाहीत, मग ते खायला येणारे बगळे आणि तुतवारासारखे चिखलपक्षी तरी कशाला येतील? दोन तासांत एक ब्राह्मणी घार आणि लांबवर एक खंड्या. आणि गाईड म्हणतो "आज नशीब नाही". नशीब कसलं हो, भरती होती! भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास, आणि ओहोटी ते भरती अंतरही साधारण तेवढंच, म्हणजे एका रविवारी सकाळी ओहोटी मिळाली तर पुढच्या रविवारी त्याच वेळेला भरतीच असणार. आणि तुम्ही दर रविवारी साडेसहाचीच बॅच लावता. भरतीलाच न्यायचं होतं तर होडीतून तरी न्यायचं, चालत कशाला?

वर मग गाईडने मोबाईलवर पक्षी जवळ यावा म्हणून कॉलर्ड किंगफिशरचा (खंड्याचाच एक प्रकार) आवाज लावला, तोही फुल व्हॉल्यूमवर. अशाने पक्ष्यांना त्रास होतो, आणि हे पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अलींच्या नावाच्या अभयारण्यात! मी बंद करायला सांगितलं तर म्हणे सगळेच लावतात.

दुर्बिणीचं तर काय सांगू, आत बुरशीचा हा एवढा डाग. बाबा दहा मिनिटं एका खुंटाकडे बघत होते, हालत नाही रे हा बगळा म्हणून.

निम्मे म्हणजे 1800 रुपये आठ दिवसांत परत करा, ज्या अकाउंटवरून भरले त्याच अकाउंटवर. कूपन नको. आणि बुकिंग घेताना त्या दिवसाची ओहोटीची वेळ लिहीत जा, बंदरावरच्या कुठल्याही होडीवाल्याला विचारलंत तरी सांगेल.

फोंड्याहून आलेला तुमचा ग्राहक