बाबा, हा करंट २३० व्होल्टचा नाही

पुणे
कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी

ती. बाबा आणि ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर बाबांच्या पार्किन्सन्सच्या, म्हणजे हात कापण्याच्या आजारावरच्या ऑपरेशनचा विषय काढला की बाबा "हं, बघू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. आई म्हणते, "तूच सांग त्यांना समजावून," की फोन पुन्हा बाबांकडे. त्यात जेवायची वेळ होते. म्हणून पत्रच लिहिते आहे. निवांत वाचा. चष्मा टीव्हीच्या मागे असेल.

मिरजेच्या डॉक्टरांनी डीबीएसचं, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशनचं, नाव काढलं आणि घरी आलं ते एवढंच, की डोक्यात तार घालून करंट देतात. त्यावर बाबा काय म्हणाले ते आईने जसंच्या तसं सांगितलं: "उभी हयात वीज बोर्डात गेली, माणसांना करंटपासून लांब ठेवण्यात. आता तोच डोक्यात घेऊ?" बाबा, तुमचं म्हणणं पटतं मला. खांबावर चिकटलेला माणूस तुम्ही पाहिलाय, मी नाही. तेव्हा ते भोळ्याभाबड्या शब्दांत समजावणं तुमच्यापुढे चालायचं नाही, सरळ तुमच्या हिशेबात सांगते.

घरात येतात ते २३० व्होल्ट, ५० सायकल. या यंत्रातून साधारण दोन-तीन व्होल्ट. सेकंदाला १३०च्या आसपास ठोके, आणि एकेक ठोका ६० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले साठ. तारेच्या टोकाला धातूची बारीक कडी असतात, करंटचा परिणाम त्यांच्या आसपास काही मिलिमीटरपुरता. बॅटरी कॉलरच्या हाडाखाली कातडीच्या आत बसवतात. तिथून वायर मानेतून, कानामागून वर जाते. सगळं कन्सील्ड वायरिंग आहे, बाहेर काही दिसत नाही.

आणि तो शॉक नव्हे. आईच्या माहेरी वाड्यातल्या बाईंना पूर्वी 'शॉक द्यायला' नेत, त्याची ती अजून आठवण काढते. ते उपचार वेगळे. १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झाले, त्यात मुद्दाम आकडीचा झटका आणतात. तेही आता भूल देऊनच करावे लागतात, २०१७च्या कायद्याने भूल न देता करायला बंदीच आहे, आणि फार खोल नैराश्यात त्यांनी माणसं उठून बसतात. पण बाबांचं प्रकरण ते नाही. इथे झटका यायला नको असतो.

मग करंटने हात थांबतो कसा? मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी कमी होत गेल्या की हालचालींच्या साखळीतलं, खोलवरचं एक बारीकसं केंद्र बेताल चालायला लागतं, चुकीच्या ठेक्यात अडकतं. जलद ठोके दिले की तो ठेका मोडतो. नेमकं काय घडतं यावर संशोधकांचे अजून वाद चालू आहेत, पण हात थांबतो यावर नाहीत. हे सापडलं त्याची हकीकत तुम्हाला आवडेल. फ्रान्समध्ये ग्रनोबल गावी बेनाबिद नावाचे सर्जन १९८७च्या सुमारास कंपाचं ऑपरेशन करत. त्या काळी कंप थांबवायला मेंदूतला तेवढा ठिपका जाळून टाकत. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे बघायला थोडा करंट देऊन पाहायचे. ठोके सेकंदाला शंभरच्या आसपास नेले तर न जाळताच कंप थांबला, आणि करंट बंद केला की परत सुरू. म्हणजे जाळायची गरजच काय? जाळलेलं परत येत नाही, करंट कमीजास्त करता येतो. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. नाही मानवलं तर बंद करता येतं.

आता गादीचं. आई, रागावू नकोस. स्टेशन रोडच्या हॉलमध्ये ती चुंबकाची गादी बघून आलात, एक हप्ता भरलात, आणि 'आणखी तीन मेंबर केले तर पैसे वसूल' हेही ऐकून आलात. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात मेंदूला चुंबकाने उपचार करतात, मग गादीत काय वाईट, असं तिथे सांगितलं म्हणे. पहिला अर्धा भाग खरा आहे. टीएमएस म्हणतात त्याला, ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे कवटीबाहेरून चुंबकाने मेंदूला चेतवणं. १९८५ मध्ये इंग्लंडात शेफील्डला बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रथम करून दाखवलं. डोक्यावर आठाच्या आकड्याची कॉइल धरतात आणि तिच्यात क्षणभर जबरदस्त करंट सोडतात. चुंबकीय क्षेत्र मिलिसेकंदाच्याही आत चढतं आणि उतरतं, आणि त्या चढउताराने कवटीच्या आत करंट तयार होतो. टकटक एवढा आवाज होतो की कानात बोळे घालतात. अमेरिकेत २००८ पासून नैराश्यासाठी त्याला मान्यता आहे.

पण गादीतलं चुंबक चढतही नाही आणि उतरतही नाही. बाबा, डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरला डीसी, म्हणजे न बदलणारा करंट, दिला तर पलीकडे काय मिळतं, हे मला दहावीत तुम्हीच विचारलं होतंत. काही मिळत नाही, कॉइल तेवढी तापते. फॅरेडेने १८३१ मध्ये हेच दाखवलं होतं: क्षेत्र बदललं तर करंट, नाहीतर काही नाही. पडून राहिलेल्या माणसाखालच्या थंड चुंबकाने मज्जातंतूला काय कळणार? 'रक्तात लोह असतं, ते खेचलं जातं' हेही खोटं. रक्तातलं लोह खिळ्यासारखं चुंबकाला चिकटत नाही. आणि तसं असतं तर एमआरआयच्या बोगद्यात तुम्ही पडून होतात तेव्हाच गुण यायला हवा होता. ते चुंबक दीड टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या जोराचं माप), गादीतल्या चकत्यांच्या कितीतरी पट. बाहेर आलात तेव्हा हात होता तसाच हलत होता. दुसरा हप्ता भरू नका. पहिला परत मिळेल अशी आशाही धरू नका, आणि जोशी काकूंना मेंबर तर मुळीच करू नका. त्यांच्याशी आपले संबंध चांगले आहेत.

मग खरं टीएमएस का नको, असं बाबा विचारतील. कारण त्याचा जोर कॉइलपासून जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर पोचतो, आणि आपल्याला हवी ती जागा फार खोल आहे. पार्किन्सन्सच्या कंपावर रोजचा उपचार म्हणून ते अजून ठरलेलं नाही. पुढे तुमचं मन फार खचायला लागलं तर त्यासाठी विचारू. या आजारात मन खचणं हा आजाराचाच भाग असतो, तुमच्या स्वभावाचा नाही. हे वाक्य आईने मोठ्याने वाचावं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. गणपतीत मी आले होते तेव्हा हॉलमधल्या पंख्याचा रेग्युलेटर बदलायला बाबा स्टुलावर चढले. सकाळची गोळी उतरलेली, दुपारची घ्यायची होती. पेचकस स्क्रूच्या खाचेत बसेना. उजवं मनगट डाव्या हाताने धरून बघितलं, भिंतीला कोपर टेकवून बघितलं. टोक खाचेवरून घसरून बोर्डच्या प्लॅस्टिकवर ओरखडे उठत होते. मी खालून बघत होते आणि बोलत नव्हते, कारण "दे इकडे" म्हटलं असतं तर दोन दिवस अबोला. मग तुम्ही उतरलात, गोळी घेतलीत, पेपर वाचत बसलात. पाऊण तासाने उठून तोच स्क्रू असा बसवलात की आजाराचं नाव घेऊ नये. त्यानंतर थोड्या वेळाने मान आणि खांदा आपोआप डुलायला लागले, ते वेगळं. तुम्ही हसून म्हणालात, "माझं लोडशेडिंगचं वेळापत्रक आहे."

डीबीएसला कोण चालेल याची कसोटी जवळपास हीच असते. रात्रीपासून गोळ्या बंद ठेवतात, सकाळी उठणं-बसणं, चालणं, बोटं उघडणं-मिटणं बघून गुण देतात. मग गोळी देऊन पुन्हा तेच. फरक चांगला पडला तर ऑपरेशनचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. गोळीने जे सुधारतं तेच साधारण बॅटरीने सुधारतं, फक्त दिवसभर, मधला अंधार कमी करून. कंप तेवढा कधी कधी गोळीला दाद देत नाही तरी करंटला देतो. आणि गोळ्या कमी करता आल्या तर ते डुलणंही कमी होतं.

जे सुधारत नाही तेही वहीत लिहून घेतलंय. गोळी चढलेली असतानाही तोल जात असेल तर तो करंटने सावरत नाही. विसराळूपणा जात नाही. बोलणं काहींचं उलट पुसट होतं, आणि बाबांचा आवाज आधीच बारीक झालाय, तेव्हा हे नीट विचारायला हवं. आजार बरा होत नाही, पुढे सरकतच राहतो. कोणी 'पूर्ण बरे व्हाल' म्हणालं तर तिथून उठायचं.

धोकाही सांगते. जर्मनी-ऑस्ट्रियात १५६ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २००६ मध्ये छापून आली. सहा महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांचं रोजचं जगणं नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा सुधारलेलं होतं. पण गंभीर त्रास ऑपरेशनवाल्यांत १३ टक्के आणि गोळ्यांवाल्यांत ४ टक्के, आणि एक जण मेंदूत रक्तस्राव होऊन गेला. हे मी तुमच्यापासून लपवलं असतं तर तुम्ही पुढे कुठेतरी वाचलंच असतंत आणि माझ्यावरचा विश्वास गेला असता. जंतुसंसर्ग होऊ शकतो. साधी बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, चार्ज होणारी जास्त टिकते पण चार्ज करत बसावं लागतं. खर्च लाखांत आहे. त्याचं मी आणि दादा बघू, कुपवाडच्या प्लॉटचं नाव काढायचं नाही.

ऑपरेशनच्या वेळी बऱ्याच ठिकाणी रुग्णाला जागं ठेवतात. मेंदूला स्वतःला दुखत नाही, कातडी तेवढी बधिर करतात. डॉक्टर मूठ उघडा-मिटा म्हणतात, बोलायला लावतात, आणि समोर हात थांबलेला दिसतो. काही ठिकाणी पूर्ण भूल देऊनही करतात. पण खरं काम नंतरचं. करंट किती, कुठल्या कड्यातून, हे काही आठवड्यांनी बसवायला घेतात आणि ते जमायला महिने जातात. आई म्हणते, मिरजेत सगळं होतं, पुण्याला कशाला? तपासायला मिरजच, त्या डॉक्टरांवर माझाही भरवसा आहे. पण हे ऑपरेशन जिथे वरचेवर होतं आणि नंतर सेटिंग करणारा माणूस जागेवर असतो, तिथेच करायचं. वारंवार यावं लागेल म्हणून माझी खोली तुम्हाला आणि मी हॉलमध्ये, हे घरात ठरलंय.

माझं मत विचाराल तर: ती गोळी बंद ठेवून, मग देऊन बघायची चाचणी करून घ्यावी. चाचणी म्हणजे होकार नव्हे, त्यात कवटीला कोणी हात लावत नाही. पण आणखी पाच वर्षं 'बघू' म्हणत बसलो तर वय आणि तोल दोन्ही आड येतील. बँकेत सही जुळत नाही म्हणून गेल्या वेळी अंगठा द्यावा लागला, ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. आईने सांगितलं. ऑपरेशन करायचं की नाही ते मात्र तुम्ही ठरवायचं. नाही म्हणालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही. गोळ्यांच्या वेळा, व्यायाम, चालणं, त्याचंही पुष्कळ करण्यासारखं आहे.

दिवाळीनंतर चाचणीची वेळ घ्यायचं म्हणते. येताना एमआरआयची फिल्म आणा, नुसता रिपोर्ट नको. गोळ्यांच्या वेळा आणि हात कधी हलतो, कधी डुलतं, हे आईने आठवडाभर कॅलेंडरवर लिहावं. गॅसच्या नोंदी असतात तिथेच.

तुमची,
सुमा

ता. क. आई, विश्रामबागेत फिजिओकडे कंबरेला करंट घेतेस तो चालू ठेव, बरं वाटतंय ना! त्या बारीक मुंग्यांनी दुखण्याचा निरोप पाठीच्या कण्यातच अडवला जातो, अशी कल्पना मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडली, आणि तुझं यंत्र त्याच धर्तीवर चालतं. सगळ्यांना सारखा गुण येत नाही आणि तो टिकतोही थोडा वेळ, म्हणून व्यायाम सोडू नकोस. पण एक लक्षात ठेव. बाबांचं डीबीएस झालंच, तर तिथल्या शॉर्टवेव्हच्या (रेडिओलहरींनी आतून ऊब देणाऱ्या यंत्राच्या) शेकाला त्यांना कधीही बसवायचं नाही, गुडघ्यालासुद्धा नाही. तारेचं टोक तापून मेंदूला इजा होऊ शकते. आणि कोणी एमआरआय करायला सांगितलं तर आधी यंत्राचं कार्ड दाखवायचं. फिजिओच्या ताईंना हे आत्ताच सांगून ठेवलंस तरी चालेल.